एका दाखल्यावर दोघी

शाहूपुरी, कोल्हापूर
सोमवार, २१ जानेवारी १९८०

प्रिय मीनाक्षी,

पाकिटावर वैजयंता आकाराम देसाई असंच घातलंय, नाहीतर आजऱ्याचा पोस्टमन पत्र परत धाडायचा. आत मात्र मीनाक्षी लिहिलं. दचकू नकोस. घरात तुला आम्ही अक्का म्हणत आलो, सासरी तू वैजयंता झालीस, आणि बारशाला मीच हौसेनं ठेवलेल्या या नावानं तुला हाक मारून किती वर्षं झाली ते आज बसून आठवलं तरी आठवेना. पण हे पत्र त्याच नावाला लिहायचं आहे. मला फिरवून लिहायची सवय नाही, माझी शाळा दुसरीपर्यंतच झालेली, जोडाक्षर आलं की हात अडतो. तरी आज जरा सावकाश लिहावं लागणार, म्हणून आधीच चिडून बसलेय. तू रागावू नको, मी तुझ्यावर चिडलेली नाही.

आज डंक बंद, मिरची कांडायला गेले नाही. हे, म्हणजे तुझे दादा, धाकट्या गुंडूला घेऊन नरसोबाच्या वाडीला दत्ताच्या दर्शनाला गेलेत. तुझी बहीण रुक्की कॉलेजात. घरात मी आणि शेजारणीची मांजर. चटणीचा सीझन लागायला अजून महिना आहे, एकदा मिरची बाजारात आली की मला मान वर करायला फुरसत नाही, तुला माहीत आहे. म्हणून म्हटलं आजच लिहायचं.

तुझं कार्ड कार्तिकात आलं. तू लिहिलं होतंस की तुमच्याकडं बालवाडी निघतेय, बाईच्या हाताखाली मदतनीस पाहिजे, काजू फोडून बोटं काळी करण्यापेक्षा ते बरं, तर आई माझा तिसरी पासचा दाखला शोधून धाड. दोन महिने झाले. मी उत्तर दिलं नाही. तुझ्या सासूबाईंच्या हाती तू एकदा निरोपही धाडलास, तर मी त्यांना चहा पाजला आणि गुळाच्या भावावर बोलत बसले. तू मनात म्हणाली असशील, आईला वेळ नसेल. वेळ होता.

आधी रुक्कीचं सांगते, मग तुझ्या दाखल्यावर येते. दोन्ही एकच आहे, पण एकदम लिहिलं तर माझाच गोंधळ होईल. रुक्की अमेरिकेला शिकायला जायचं म्हणतेय. हसू नको, मी पहिल्यांदा हसले होते. तिच्या कॉलेजात गणित शिकवायला मुजावर बाई आहेत, मेहरुन्निसा त्यांचं नाव, चाळिशीच्या, सडसडीत, बोलायला माझ्यापेक्षा एक घर पुढं. त्यांना अमेरिकेतल्या एका बायकांच्या कॉलेजची माहिती होती. तिथं परदेशातल्या चार-पाच मुलींना दरवर्षी फुकट घेतात, राहणं-खाणं सगळं त्यांचं, चार वर्षं. इथली पदवी घेऊन जायचं नाही, पहिल्यापासून तिथंच शिकायचं. बाईंनी फॉर्म मागवला, रुक्कीला मुंबईला नेऊन इंग्रजीची परीक्षा द्यायला लावली. ती परीक्षा झाली, पासही झाली. आता सगळे कागद एका पाकिटात घालून नऊ फेब्रुवारीला इथून निघाले पाहिजेत, तरच ते तिथं एक मार्चच्या आत पोचतात. पुढच्या वर्षी वय आणि वर्ग दोन्ही पुढं जातं, मग घेत नाहीत म्हणे. एकच संधी.

मला तिला धाडायची हौस आहे असं समजू नकोस. तिकडं गुडघाभर बर्फ पडतं म्हणतात, आणि ही पोर थंडीत नळाचं पाणी तोंडाला लावायला रडते. पण ती रात्रंदिवस त्या फॉर्मला चिकटलीय. मिरचीच्या पोत्यावर बसून इंग्रजी पाठ करते, शिंकते, परत पाठ करते. असं मी कुणाला कशासाठी झटताना बघितलं नाही. नाही, बघितलं आहे. तुला.

विसरले असेन असं वाटतं का तुला? गावाकडं पत्र्याच्या भिंतीवर कोळशानं तू रुक्कीला अक्षरं शिकवलीस. तू शाळेतनं यायचीस, दप्तर टाकायच्या आधी तिला ओढून भिंतीसमोर बसवायचीस. भिंत काळी झाली म्हणून मी तुलाच दोन रट्टे घातले. तिला शाळेत घातलीच नव्हती, एक पोर शाळेत जाते तेवढं पुरे म्हणून. तरी तू तिसरीत होतीस तेव्हा ती तुझं पुस्तक उलटं धरूनही वाचायची.

मग आपण इथं आलो, दादांना गूळ मार्केटात हमाली मिळाली, मला डंकावर काम. सत्तर सालच्या जूनमध्ये मी तुम्हा दोघींना घेऊन शाळेत गेले. तुला चौथीत आणि रुक्कीला पहिलीत घालायचं असं घरातून निघताना ठरलं होतं. हे तुला सांगायला नको, तू स्वतः तेल लावून वेणी घालून तयार होतीस. गुंडू दोन महिन्यांचा तुझ्या कडेवर. वाटेत तो रडायला लागला आणि माझ्या डोक्यात आलं, ही शाळेत गेली तर याला कोण बघणार? डंकाच्या मालकानं आदल्या दिवशीच सांगितलं होतं, पोर घेऊन आलीस तर येऊ नकोस. शाळेच्या दारात मी तुला म्हटलं, तू थांब हितंच, ह्याला घेऊन. आणि आठ वर्षांच्या रुक्कीला घेऊन आत गेले.

हेडमास्तर म्हणाले, "बारकी दिसती पोर, पहिलीत बसवाय लागंल." मी म्हटलं, पहिलीत कशाला, हिला सगळं येतंय. ते म्हणाले, "येतंय ते तुम्ही म्हणता. दाखला हाय का?" तुझा दाखला माझ्या कमरेच्या पिशवीत होता. मला थांबवत नाही गं, कधीच थांबवलं नाही. भात शिजायच्या आधी मी झाकण काढते. तीन वर्षं ही पोर लहान पोरांत बसणार, तोवर इकडं एक झालेली तिसरी वाया जाणार, हा हिशेब मी उभ्या उभ्या केला आणि तुझा दाखला टेबलावर ठेवला. कुमारी मीनाक्षी जोतीराम पोवार, तिसरी पास, जन्म एक जून एकोणीसशे साठ. जन्म तुझा खरा श्रावणातला, पण गावच्या मास्तरांनी सगळ्या वर्गाला लावला तसा तुलाही एक जून लावलेला. हेडमास्तरांनी चष्म्यावरनं रुक्कीकडं बघितलं. "दहा वर्षाची वाटत न्हाई." मी म्हटलं, "हमालाची पोर हाय मास्तर, सावकाराची न्हवं. बारकीच दिसणार." ते हसले आणि त्यांनी लिहून घेतलं. रुक्मिणी आत गेली आणि मीनाक्षी होऊन बाहेर आली.

येताना मी तुला सांगितलं, रुक्कीला शाळेत आता मीनाक्षी म्हणतील, तू चारचौघांत बोलू नकोस. तू रडली नाहीस. मार्केटच्या कोपऱ्यापर्यंत गुंडूला थोपटत चाललीस. मग विचारलंस, "मग माझं नाव काय?" मी म्हटलं, "अक्का म्हणतोय की सगळी. चल, पोर भुकेजलंय." त्याच्यापुढं तू मला कधी काही विचारलं नाहीस. रुक्की शाळेतनं आली की तू भाकरी थापत तिला आज काय झालं ते सगळं सांगायला लावायचीस, तेवढंच. मला वाटायचं दोघी खेळतात. आता कळतं, तुझी सातवीपर्यंतची शाळा चुलीपुढंच झाली.

आता फॉर्मवर येते. डिसेंबरात एक दिवस रुक्की जोत्यावर बसून तो भरत होती. एका पानावर भावंडांची माहिती मागितली होती, नाव, वय, शिक्षण. गुंडू, नऊ, चौथी, असं तिनं पहिलं लिहिलं. मग पेन थांबलं. मी मिरच्यांची देठं काढत होते. म्हटलं, काय झालं, अक्काचं लिही की. तर म्हणाली, "नाव काय लिहू? मीनाक्षी तर मी हाय." मी म्हटलं वैजयंता लिही. "वय?" एकोणीस. "आणि माझं?" तुझंबी कागदावर एकोणीसच. मी वैतागले. म्हटलं, "जुळ्या लिही की! अमेरिकेतनं कोण मोजायला येतंय?" तर हळूच म्हणाली, "आणि जुळ्यांतली एक अमेरिकेला आणि एक तिसरीत का ऱ्हायली, असं विचारलं तर काय सांगू, आई?"

मी परत देठं काढायला लागले. तिनं पेनाला टोपण लावलं आणि फॉर्म गुंडाळून ठेवला. त्याच आठवड्यात तुझं कार्ड तिनं डब्यामागनं काढून वाचलं होतं, हे मला नंतर कळलं. मी ते पिठाच्या डब्यामागं खोचलं होतं.

तिनं सगळं मुजावर बाईंना सांगून टाकलं. बाई दुसऱ्या दिवशी डंकावर आल्या. आत पाऊल टाकलं आणि शिंका सुरू. दहा-बारा तरी. मी म्हटलं, आधी शिंकून घ्या, मग बोला. त्या पदरानं नाक धरून म्हणाल्या, "मावशी, तुमच्या मिरचीपेक्षा तुमचं काम जहाल हाय." मला आवडली बाई, पण तेव्हा राग आला. मी म्हटलं, माझ्या पोरींचं माझं मी बघते. त्या म्हणाल्या, "दहा वर्षं तुम्हीच बघितलं की. आता माझं ऐका."

त्यांनी सांगितलं ते तुला नीट सांगते. रुक्कीचा पासपोर्ट निघाला की ती कायमची मीनाक्षी जोतीराम पोवार, एक जून साठ. मग ते नाव, ती तारीख, तो दाखला तुला पुन्हा वापरता यायचा नाही, कारण एका दाखल्यावर दोघी चालत नाहीत. उलट आज तू त्या दाखल्यावर बालवाडीत लागलीस, तर उद्या कुठंतरी दोन मीनाक्षी समोरासमोर येणार आणि रुक्कीचं पाकीट तिथंच अडणार. मग मी म्हटलं, रुक्कीचे कागद दुरुस्त करून घेऊ. त्या म्हणाल्या, चौथीपासून बारावीपर्यंतचं सगळं बदलायचं, बोर्डाला लिहायचं, दोन वर्षं जातील, आणि उलटं पडलं तर सर्टिफिकेटंच रद्द. "चूक झाली ती झाली. ती आता कुणाच्या अंगावर टाकायची, एवढंच हातात ऱ्हायलंय. आणि ते तुम्ही न्हाई ठरवायचं, मी न्हाई, तुमची धाकटी मीनाक्षीबी न्हाई. थोरलीला लिहा. तिला न विचारता पाकीट धाडणार असाल तर माझं शिफारसपत्र मी काढून घेते." जाताना परत चार शिंका.

दादांना सांगितलं. हात धुवून जेवायला बसले, अर्धी भाकरी खाल्ली आणि म्हणाले, "दाखला पोरीचा हाय, तिला इचार." मी म्हटलं, तुम्हाला सत्तर साली हे सुचलं नाही? तर म्हणाले, "तू इचारलंस कवा?" एवढं बोलून ते पानावरनं उठले.

तरी मी तुला खरं लिहिलं नाही. दोन कार्डं खोटी लिहिली. एकात दाखला उंदरांनी खाल्ला म्हणून लिहिलं, दुसऱ्यात गाव सोडताना हरवला म्हणून. दोन्ही बंबात घातली. खोटं बोलायला मला जड जात नाही, बाजारात बसणारी बाई मी, पण तुला लिहायला घेतलं की तू मला विश्वास ठेवून उत्तर धाडणार, बरं आई, राहू दे, हे मला आधीच दिसायचं. तू तसंच लिहिलं असतंस. तेच मला नको झालं.

आणखी एक आहे, ते तुला कुणीच सांगितलेलं नाही. तुझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरून नाव लिहायची वेळ आली, तेव्हा तू मान खाली घालून बसली होतीस. जावईबापू माझ्याकडं आले होते, आत, भांड्यांच्या खोलीत. म्हणाले, "मामी, मीनाक्षी नाव चांगलं हाय की. न्हाई बदललं तर चालंल का?" तुला ते नाव आवडतं असं त्यांना कुठून कळलं कोण जाणे. मी त्यांना सांगितलं, रीत म्हणजे रीत, बदलायचंच, माहेरचं नाव सासरी चांगलं नसतं. असं काही नसतं. मला ते नाव रुक्कीसाठी मोकळं करून पाहिजे होतं. तिची दहावी तोंडावर होती, एका मांडवाखाली दोन मीनाक्षी म्हणून लोकांनी बोटं दाखवली असती. आकारामांनी मान हलवली आणि अंगठीनं तांदळात वैजयंता लिहिलं. मी सुटकेचा श्वास टाकला. सगळ्यांना वाटलं आईला पोरगी उजवल्याचं समाधान झालं. जावईबापूंवर त्याचा राग धरला असशील तर सोड. तो माणूस मागत होता, मी दिलं नाही.

आता तू म्हणशील, कुठं अमेरिका आणि कुठं बालवाडी, आई मला काय विचारतेस, दे तिला. म्हणू नकोस असं पटकन. एक मोठं आणि एक बारकं असं मोजून मी शाळेच्या ऑफिसात दाखला टेबलावर ठेवला होता, तेव्हाही मला हिशेब बरोबरच वाटला होता. रुक्कीचं मोठं आणि तुझं बारकं हे मी परत म्हणणार नाही. तुला काजूच्या तेलानं सोललेली बोटं घेऊन पोरांना अक्षरं शिकवायची आहेत, ते मला काय कमी आहे? रुक्कीनंही मला बजावलंय, अक्कानं न्हाई म्हटलं तर आई तू तोंड उघडायचं न्हाई, मी हितंच बी.एस्सी. करीन. तिनं रडून सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. तिनं साधं सांगितलं. तू हो म्हटलंस, तर मात्र तुला वैजयंता म्हणून कोर्टात वयाचा कागद करावा लागेल आणि तिसरीला बाहेरून बसता येत नाही म्हणून सातवीला बसावं लागेल. त्याला वर्ष जाईल, आणि या साली बालवाडी दुसऱ्या कुणाला मिळेल. बाई मदत करते म्हणाल्यात, पण वर्ष जाईल हे खरं आहे. गोड करून सांगत नाही.

आणि ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते आता लिहिते. तुझा दाखला माझ्याकडं नाही, तो सत्तर सालीच इथल्या शाळेत जमा झाला. पण तुला माझी गरजच नाही. आपल्या गावच्या शाळेत रजिस्टर आहे, त्यात तुझं नाव आहे, अर्ज केलास की दुसरा दाखला त्याच दिवशी हातात मिळतो. आजऱ्याहून सकाळच्या एस.टी.नं जाऊन दुपारी परत येशील. मुजावर बाईंनी मला हे सांगितलं तेव्हाच कळलं, तू माझ्या उत्तराची वाट बघत बसलीस म्हणून रुक्कीचं पाकीट अजून शाबूत आहे. तुला हे न सांगता नऊ फेब्रुवारी काढली असती तर सगळं माझ्या मनासारखं झालं असतं आणि तुला जन्मात कळलं नसतं. आता कळलं. काढायचा तर जा आणि काढ, माझ्याकडून एक शब्द येणार नाही, दादांकडूनही नाही. द्यायचं असेल तर कार्डावर तसं लिही, आणि खाली सही मीनाक्षी अशी कर, वैजयंता नको, ज्याचं आहे त्यानंच दिलं पाहिजे. दोन्हींतलं काहीही कर, पण मला बरं वाटावं म्हणून करू नकोस. त्या दिवशी दारात तुला थांबवून मी आत गेले, आत जायच्या आधी विचारायला पाहिजे होतं. आज विचारते. तुझं नाव रुक्कीनं नेलं तर चालेल का तुला?

तुझीच, या वेळी बाहेर थांबलेली,
आई